बुटकं कार्ड

लेकीच्या लग्नाची कॅसेट हातात पडली तेव्हा सुमनबाईनं भाड्यानं टीव्ही आणि व्हीसीआर आणला आणि अख्खी गल्ली घरी बोलावली. इथंच चुकलं. एकटीनं बघितली असती तर फजिती निदान चार भिंतींत राहिली असती.

परभणीत वसमत रोडच्या आतल्या गल्लीत तिचं घर. पुढच्या खोलीत मराठी टायपिंगचा क्लास, मागं संसार. नवरा गेला तेव्हा कोकिळा रांगत होती. टाइपरायटरच्या खडखडाटात सुमनबाईनं ती पोर वाढवली, शिकवली आणि जिंतूरच्या चांगल्या घरी दिली. लग्न मात्र पेडगावला, थोरले दीर आबासाहेब यांच्या दारात लागलं. बाईला नवरा नाही म्हटल्यावर तिनं कन्यादान करायचं नसतं, हळदीला हात लावायचा नसतो, मांडवात पुढं यायचं नसतं. पाटावर आबासाहेब आणि जाऊ बायनाबाई बसले आणि सुमनबाई आतल्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांना टेकून मंगलाष्टका ऐकत राहिली. तेवढं तिनं गिळलं होतं. रीत तिला आधीच ठाऊक होती.

पण पाठवणीच्या वेळी कोकिळानं कुणाचं ऐकलं नाही. ती सगळ्यांना बाजूला सारत आत आली, आईला हाताला धरून मांडवात घेऊन आली आणि तिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. त्याच वेळी बन्सीधर शूटिंगवाल्याची लाईट सुमनबाईच्या डोळ्यांवर आली. गालाला तिची धग लागली. म्हणजे चित्र घेतलं गेलं होतं. त्या लाईटच्या भरवशावर तर तिनं गल्ली गोळा केली होती.

बायांनी कौतुकानं बघितलं. वरात झाली, हळद झाली, आबासाहेबांनी कुणाकुणाला फेटे बांधले ते सगळं झालं. पाठवणी आली तशी शेजारची कुसुमबाई म्हणाली, “आता तुमी येताव बगा, सुमनबाई.”

कोकिळा आबासाहेबांच्या पाया पडली. बायनाबाईच्या पाया पडली. पडदा एकदा थरथरला आणि कोकिळा थेट जीपमध्ये बसलेली दिसली. डोळे सुजलेले, नाक लाल. कुणाच्या गळ्यात पडून ती एवढी रडली, ते काही कॅसेटमध्ये नव्हतं. तीन तासांच्या लग्नात नवरीची आई कुठंच नव्हती.

कुसुमबाईनं विषय बदलला, कुणी चहाचं विचारलं. त्यांचं ते सांभाळून घेणंच सुमनबाईला जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी ती बन्सीधरच्या स्टुडिओत जाऊन उभी राहिली. तो आधी इकडचं तिकडचं बोलला, मग खाली बघत म्हणाला, “आबासाहेबांनी काडाय लावलं, बाई. कॅसेट पोरीच्या सासरी जाणार, पांढऱ्या कपाळाची बाई मदी दिसली तर बरं दिसत न्हाई म्हणले. मी काय करू?”

“मूळ कॅसेट कुठाय?”

“तिच्यावर दुसरं लग्न घेतलं न्हाई का. आमी कॅसेट ठेवून घेत नसताव. एकावर एक घेत जाताव.”

सुमनबाई घरी आली. त्या दिवशी तिनं क्लासच्या पोरींना विनाकारण झापलं आणि मनात एक गाठ मारून ठेवली. लोक म्हणतात काळ गेला की राग निवतो. तिचा नाही निवला. उलट मुरला. आबासाहेब परभणीच्या बाजाराला आले की तिच्या घरी चहा घेत. ती डोक्यावरचा पदर नीट करून कपबशी पुढं ठेवी आणि मनात म्हणे, तुमचीही पाळी येईल, आबा. मला पुसलंत ना तुम्ही, तुम्हालाही कुणीतरी पुसेल. कसं ते तिलाही ठाऊक नव्हतं.

पुढच्या वर्षी टायपिंगला येणाऱ्या पोरी कॉम्प्युटरचं विचारायला लागल्या. औरंगाबादच्या कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर सुमनबाईनं घरी आणला. मराठी अक्षरांची फ्लॉपी त्याच्यासोबत होती. कॅबिनेट बसकं होतं, आडवं ठेवायचं, उंचीला पाटापेक्षा थोडं जास्त. चार महिने बरा चालला आणि मग एका दुपारी वीज खालीवर झाली नि पडद्यावर अंधार पसरला. डबा आतून गुरगुरत होता, पण दिसत काहीच नव्हतं.

ती डबा रिक्षात घालून स्टेशन रोडवर माणिकरावांच्या दुकानी गेली. त्या दिवशी नामांतराच्या मोर्च्यामुळं अर्धा बाजार बंद होता, माणिकरावांनीही शटर निम्मं खाली ओढलेलं. गिऱ्हाईक नसल्यामुळं त्यांना बोलायला फुरसत होती. त्यांनी झाकण काढलं, आत टॉर्च मारला आणि म्हणाले, “डिस्प्ले कार्ड गेलं. चित्र काढून पडद्याला देतं ते.”

मग त्यांनी काउंटरवर दोन कार्डं ठेवली. एक लांबरुंद, उंच, नवंकोरं. दुसरं बुटकं, जुनं, कडेला धूळ बसलेलं.

“हे घ्या माझं ऐकून,” उंच कार्डावर बोट ठेवून माणिकराव म्हणाले. “रंग बगाल तर बगत राहताल. ह्याला एक जोड मिळती, ती लावली की टीव्हीच्या चित्रावर अक्षरं तरंगतेत. खाली नवरा-नवरी आन् वर त्यांचं नाव. हैदराबादचे शूटिंगवाले हेच वापरतेत.”

“माझ्या डब्यात बसतं का?”

माणिकरावांनी ते आत धरून दाखवलं. कार्ड कॅबिनेटच्या वर दोन बोटं राहिलं, झाकण काही लागलं नसतं. “डबा बदलावा लागंल. खर्च वाढतो, खोटं कामून बोलू.”

“आन् हे?”

“हे बसतं. पडून हाय, सोडून देतो स्वस्तात. पण रंग असे-तसेच. ह्याला मागं हे गोल भोक हाय बगा, इथनं वायर थेट व्हीसीआरला जाती. टीव्हीवर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतेत. चित्रावर अक्षरं मात्र बसत न्हाईत.”

“मग चित्राचं काय होतं?”

“जातं की. अक्षर असंल तितका वेळ कॅसेटीत अक्षरच भरतं. खालचं चित्र पुसलं जातं.”

सुमनबाईनं कार्ड हातात घेतलं. पदरानं त्याची धूळ पुसली. क्लाससाठी आली होती ती, दुसरं काही डोक्यात नव्हतं. पण ‘पुसलं जातं’ हे शब्द कानात शिरले आणि वर्षभराची गाठ एकदम हाताला लागली.

“परत येत न्हाई का ते चित्र?”

“परत कुठून येतं, बाई? लय मोठी खोट हाय ही. म्हणून तर कुणी नेईना.”

“हेच द्या,” सुमनबाई म्हणाली.

माणिकरावांनी तिला आणखी एकदा समजावलं, घरच्या वस्तूत कंजूषी करू नये वगैरे. ती ऐकून घेत राहिली आणि कार्ड बसवून घेऊनच उठली. कंजूषी म्हणा, काही म्हणा. आबासाहेबांच्या थोरल्या मुलाची, सुग्रीवची, सुपारी फुटली होती आणि लग्न उन्हाळ्यात होतं.

आता बन्सीधरला गळाला लावायचं होतं. तोवर तो रंगीत कागदावर नावं रंगवून घ्यायचा आणि त्यांचं शूटिंग करायचा. अक्षरं वाकडी यायची, मध्येच रंगवणाऱ्याचा अंगठा दिसायचा. सुमनबाईनं त्याला घरी बोलावून कॉम्प्युटरची सुबक अक्षरं टीव्हीवर दाखवली. बन्सीधर खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेला. पुढच्या आठवड्यापासून परभणीत ‘कॉम्प्युटरच्या नावांची कॅसेट’ सुरू झाली. गिऱ्हाइकं तीच मागायला लागली. बन्सीधर दोन्ही व्हीसीआर तिच्याच घरी ठेवून गेला, कारण मूळ कॅसेटवरून गिऱ्हाइकाची कॅसेट उतरवतानाच मध्ये मध्ये नावं भरावी लागत.

“नावं कमानीवर टाका, रिकाम्या मांडवावर टाका,” त्यानं शिकवलं. “माणसावर टाकू नका, माणूस जातो.”

“व्हय, कळलं,” सुमनबाई म्हणाली. तिला फार चांगलं कळलं होतं. दोन-तीन महिन्यांत तिचा हात असा बसला की बन्सीधर काम टाकून निश्चिंत दुसऱ्या लग्नाला निघून जाई.

सुग्रीवचं लग्न थाटात झालं. चुलती म्हणून सुमनबाईला बोलावणं होतं, आणि चुलती म्हणून तिची जागाही ठरलेली होती, मागं, पाण्याच्या टाकीजवळ. ती गेली, मागंच राहिली. आबासाहेब मोतिया रंगाचा फेटा बांधून कॅमेऱ्याच्या पुढं पुढं करत होते. बन्सीधर नवरीकडं वळला की हे खाकरायचे.

आठवड्यानं आबासाहेब बन्सीधरला घेऊन तिच्या घरी आले. थोरला दीर भावजयीशी समोरासमोर बोलत नाही, म्हणून ती समोर उभी असताना ते बन्सीधरशी बोलले.

“त्यांना म्हणावं, नाव मोठ्या अक्षरात पाहिजे. वरपिता आबासाहेब. निस्तं सुरुवातीला न्हाई. वरातीत, फेट्याच्या वक्ताला, व्याहीभेटीला, सगळीकडं नाव आलं पाहिजे. नाव दिसलं पाहिजे लोकायला.”

बन्सीधरनं सुमनबाईकडं बघितलं. “एवढ्या जागी?”

सुमनबाईनंही बन्सीधरलाच उत्तर दिलं. “त्यांना म्हणावं, म्हणतील तिथं टाकते. आपल्या घरचंच काम हाय.”

आबासाहेबांनी खुश होऊन चहा संपवला. असा बळीचा बकरा कुणाला मिळत नाही. आपल्या हातानं आपल्यावर पाणी शिंपडून वर विचारतो, नीट भिजलो ना?

दुपारी क्लास नसताना सुमनबाई कामाला बसली. एका बाजूला मूळ कॅसेट, दुसऱ्या बाजूला कोरी, मध्ये बसक्या डब्यात ते बुटकं कार्ड आणि कोऱ्या कॅसेटवर चित्र जाणार की अक्षर ते ठरवणारं एक फिरतं बटण. तिनं नाव टाइप करून ठेवलं होतं, आता फक्त बटण फिरवायचं होतं. वरातीत मोतिया फेटा दिसला, तिनं बटण फिरवलं. ‘वरपिता आबासाहेब.’ फेटा बाजूला झाला, बटण परत. फेटे बांधताना, व्याहीभेटीला, आशीर्वादाला, जिथं आबासाहेब आले तिथं त्यांचं नाव आलं आणि आबासाहेब गेले. काळ्याशार पडद्यावर पांढरं ठळक नाव. तिला कोण आनंद झाला म्हणून सांगू. ती मध्येच एकटीच हसली. पाठवणीला माझं काय केलंत, आबा? हे घ्या. हे आणखी घ्या. इतक्या दिवसांचं मुरलेलं विष ती मोजून-मापून नव्हे, ओंजळीनं ओतत होती.

पंगत आली. आबासाहेब बुंदीचं ताट हातात घेऊन आग्रह करत फिरत होते, फेटा पडद्याच्या मधोमध. सुमनबाईचं बोट बटणावर गेलं आणि तिथंच थांबलं.

त्यांच्या खांद्यामागं टाकीजवळ दोन बाया उभ्या होत्या. एक कोकिळा. ती कुणाच्या तरी पानातली बुंदी मुठीत घेऊन आली होती आणि आईच्या तोंडात कोंबत होती. आई नको नको करत तोंड फिरवत होती, आणि मग तोंड उघडून हसली. बन्सीधरला ते दिसलं नसणार, त्याचं सगळं लक्ष फेट्याकडं. नाहीतर त्यानं कॅमेरा हलवला असता.

सुमनबाईनं मूळ कॅसेट मागं नेली आणि परत लावली. स्वतःला असं तिनं कधीच बघितलं नव्हतं. केस एवढे पांढरे झाले होते तर. हसताना ती कोकिळासारखी दिसत होती, की कोकिळा तिच्यासारखी, कोण जाणे. पाठोपाठ तिला राग आला, कारण त्या हसण्याच्या पुढ्यात तो फेटा होताच. त्याला पुसावं तर या दोघी जातात. दोघींना ठेवावं तर तो राहतो. उंच कार्ड घेतलं असतं तर? तर नाव वर तरंगलं असतं आणि खाली आबासाहेब अख्खे शाबूत राहिले असते, सगळ्या लग्नभर. नाही, कार्ड तिनं बरोबरच निवडलं होतं.

तेवढा तुकडा वेगळ्या कॅसेटवर उतरवून घेणं अवघड नव्हतं. तिनं तो घेतलाही. मग पेडगावच्या कॅसेटमध्ये बिनधास्त पुसता आलं असतं. पण पेटीत ठेवलेली कॅसेट कोण बघणार? ती एकटी. तिला पेडगावात दिसायचं होतं. ज्या दारात तिला पुसलं, त्याच दारात, त्याच लोकांसमोर. पडद्याकडं बघता बघता तिच्या ध्यानात आलं की पुसण्यापेक्षा मोठी शिक्षा तिच्या हातात आहे.

“ऱ्हाऊ दे मुडद्याला,” ती मोठ्यानं म्हणाली. तिनं बोट बटणावरून काढलं. पंगतीचा तुकडा जसाच्या तसा उतरू दिला. पुढं आबासाहेब जितक्या वेळा आले तितक्या वेळा त्यांना पुसून टाकलं, एकदाही चुकली नाही.

कॅसेट बघायला आबासाहेबांनी पेडगावात अंगणात टीव्ही मांडला. दिवस मावळायला भावकी, गावकी, व्याह्यांकडचे दोघं-तिघं असे सगळे जमले. सुमनबाई कोकिळाला घेऊन बायांत मागं बसली होती. आबासाहेब पुढं खुर्चीवर, मिशीला पीळ देत.

पहिल्यांदा नाव आलं तेव्हा लोकांनी वा वा केलं. वरातीत आलं तेव्हाही केलं. व्याहीभेटीला व्याही हात पसरून पुढं आले, आणि पडदा काळा झाला. ‘वरपिता आबासाहेब.’ पडदा उजळला तेव्हा व्याही एकटेच परत जात होते. व्याह्यांकडच्या माणसानं विचारलं, “आमच्या दादांनी कुणाला मिठी मारली?” मागं पोरं फिदीफिदी हसली. फेटे बांधायच्या वेळी तर आता नाव येणार हे ओळखून लोक आधीच मान डोलवायला लागले.

आबासाहेबांचा चेहरा कसनुसा झाला. “ह्याच्यात मी कुठाय, बन्सीधर?”

बन्सीधर टीव्हीच्या वायरी चाचपायला लागला. तेवढ्यात पंगत लागली आणि आबासाहेब ओरडले, “हा बगा, हा मी.” सगळे पुढं सरकले. पडद्यावर ते बुंदीचं ताट घेऊन उभे होते, आणि त्यांच्या खांद्यामागं सुमनबाई लेकीच्या हातची बुंदी खात हसत होती.

कोकिळानं आईचा हात घट्ट धरला. बायांमधून बायनाबाई हलकेच म्हणाली, “माय, किती गोड दिसायली सुमन,” आणि नवऱ्यानं मान वळवून बघितलं तरी तिनं शब्द मागं घेतला नाही.

पुढं कॅसेट संपेपर्यंत आबासाहेब पुन्हा दिसले नाहीत. मग ते बन्सीधरवर तुटून पडले. “मूळ कॅसेट आण. परत काडून घे सगळं.”

“मूळ कॅसेटवर चारठाण्याचं लगीन घेतलं, आबासाहेब. आमी ठेवून घेत नसताव.”

आबासाहेबांनी मान न वळवता, बन्सीधरकडंच बघत विचारलं, “त्यांना विचार, असं कामून केलं म्हणून.”

सुमनबाईनं पदर नीट केला. “त्यांना म्हणावं, नाव सगळीकडं पाहिजे म्हणले होते, सगळीकडं टाकलं. माझं कार्ड स्वस्तातलं हाय, बुटकं. नाव आलं की माणूस जातो.”

आबासाहेबांनी उठून टीव्ही बंद करायला हात पुढं केला. मग हात तसाच खाली घेतला. ते बन्सीधरला म्हणाले, “ती पंगत लाव परत.”

बन्सीधरनं लावली. आबासाहेब खुर्ची पुढं ओढून स्वतःकडं बघत राहिले, ताट, फेटा, मिशी. मागच्या दोघींकडं न बघता त्यांना ते बघता येत नव्हतं. तुकडा संपला तसे ते परत म्हणाले, “लाव.”

सुमनबाई जिंतूरच्या गाडीपर्यंत लेकीला सोडायला निघाली. निघताना तिनं नेहमीचं मागचं दार सोडलं आणि पहिल्यांदाच त्या घराच्या पुढच्या दारातून, सगळ्यांच्या देखत, सावकाश पाऊल बाहेर टाकलं.

पुढं पेडगावात पाहुणारावळा आला की आबासाहेब कॅसेट लावायचे. बाकीचं लग्न ते भराभर पुढं पळवायचे आणि पंगतीला थांबवायचे. “हा मी,” ते बोट दाखवून सांगायचे. आणि पाहुणा हटकून विचारायचा, “आन् ही मागं हसायली ती बाई कोण?”